पाच डोकी

"सरकारला पाच डोकी हवीत आणि आपल्याकडे आहेत साडेचार," वहिनी म्हणाली. एरवी तिच्या असल्या बोलण्यावर धाकटा तरी हसायचाच. आज तोही हसला नाही.

साथ आली, शाळा बंद झाल्या, हॉटेलं बंद झाली, आणि या घराचं गणवेश शिवायचं दुकान कुणी न सांगताच बंद पडलं. रस्ता असा ओस की समोरच्या इमारतीतलं बाळ रडलं तरी इथं ऐकू यायचं. मग सरकारनं छोट्या दुकानांतल्या कामगारांचा निम्मा पगार द्यायचं जाहीर केलं. अट एवढीच की कामगार निदान पाच हवेत आणि कुणालाही काढलेलं नसावं. थोरल्यानं अर्ज केला, पहिला हप्ता आला, पाच घरांत वाटला गेला. तो वाटताना थोरल्याची मान जरा ताठ झाली होती, हे वहिनीनं पाहिलं होतं. वडील गेल्यापासून त्याच्या हातून कुणाचं काही भलं झालं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं असावं.

आज दुपारी तपासणीला सरकारी ऑफिसातल्या मॅडम येणार होत्या. पाचही माणसं आपापल्या जागी बसलेली त्या बघणार, प्रत्येकाचा काम करताना फोटो काढणार, मग दुसरा हप्ता. चौघं आलेली होती. पाचवे होते मास्तर, म्हणजे कटिंगमास्तर. धाकट्याच्या जन्माआधीपासून दुकानात कापड कापणारे. ते दुकानाच्या वरच्या कापडाच्या खोलीत ताग्यांच्या मधल्या जागेत गादी टाकून पडले होते आणि त्यांचा ताप उतरत नव्हता.

परवा त्यांच्या घरमालकानं भिंतीपलीकडून खोकला ऐकला आणि त्यांचं सामान जिन्यात काढून ठेवलं. बिऱ्हाड कसलं, एकट्या जिवाची एक पेटी. ती घेऊन ते दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. आईनं कुणालाही न विचारता दार उघडलं. या घरातली मोठी मोठी दारं आईनं अशीच उघडलेली आहेत, न विचारता, आणि निस्तरलेली मात्र बाकीच्यांनी.

"दवाखान्यात पाठवू या त्यांना," वहिनी म्हणाली. दुकानामागच्या स्वयंपाकघरात चौघं उभी होती, आई, दोन मुलगे आणि ती. बसायचं कुणाला सुचलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता. मॅडम यायच्या आधी."

"आणि गाडी दारात आली की?" थोरला म्हणाला. "चपलांच्या दुकानाचं काय झालं, बघितलंस ना? आजारी माणूस सापडला, दाराला सील लागलं, मदत बंद."

"मदत बंद झाली हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे तुमचा तो चहावाला."

"अगं, चहावाला असू दे नाहीतर कलेक्टर असू दे, धोका कुणी घ्यायचा? पाचाचे चार झाले की दुसरा हप्ता नाही. पहिलाही परत मागतील. कुठून आणायचा? चौघांनी खाऊनसुद्धा टाकला तो. शिवाय खोटं लिहून दिलं म्हणून मला आत टाकतील ते वेगळंच."

वहिनीनं पदराला बांधलेलं एक चिमुकलं यंत्र सोडून ओट्यावर ठेवलं. बोटाला लावायचं, रक्तात हवा किती ते सांगणारं. औषधवाल्याच्या बायकोकडून तिनं ते मागून आणलं होतं. "मघाशी आईंनी लावलं मास्तरांना. नव्वदच्या खाली आहे. औषधवालीला फोन केला तर ती म्हणाली, घरी ठेवायचं माणूस नाही हे."

"दोन तास," थोरला म्हणाला. "फक्त दोन तास गं. मॅडम गेल्या की मी स्वतः गाडी बोलावतो."

"पण पाचवं माणूस कुठून आणणार?"

तेव्हा धाकटा बोलला. ऑफिसातली नोकरी गेल्यावर बायकापोरांना सासुरवाडीला सोडून तो इथं आला होता, आणि आल्यापासून थोरल्याच्या प्रत्येक वाक्याला त्याचं 'पण' तयार असायचं. आज तो म्हणाला, "मी बसतो. तोंडाला मास्क बांधला की कोण कुणाला ओळखतंय? नुसते डोळे दिसतात. डोक्याला टोपी घालतो, मास्तरांचा एप्रन घालतो. त्यांना फोटो हवाय, मिळेल."

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दोघं भाऊ एकमताचे झाले. मागं एकदाच असं एकमत झालं होतं, तेव्हा घराची वाटणी झाली होती.

"आई, तुम्ही तरी सांगा काहीतरी," वहिनी म्हणाली.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. "मास्तरांना विचारते," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली. तिच्या गुडघ्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. वर जायला बाकी कुणी पुढं झालं नाही. थोरल्याला साखरेचा आजार होता. धाकट्याला भीती होती. वहिनीला दोन पोरं आणि एक नवरा होता.

आई खाली आली ती जिन्याच्या चौथ्या पायरीवरच थांबली. मास्तरांजवळून आली की हातपाय धुईपर्यंत ती सगळ्यांशी तिथूनच बोलायची. "हो म्हणतायत. चार घरांचा प्रश्न आहे, आवाज करणार नाही म्हणाले. तोंडात टॉवेल धरतील." मग म्हणाली, "कात्रीला तेवढा हात लावू नका म्हणालेत."

"अगं, मग कटिंगमास्तर कापड काय दातांनी फाडणार का?" थोरला म्हणाला.

मास्तर डावखुरे होते आणि त्यांची कात्रीही डावखुरी. वडिलांनी ती मुद्दाम बनवून आणली होती, आणि इतक्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. दुकानातले लोक ती ओलांडायचेसुद्धा नाहीत. पण डाव्या-उजव्याचा विचार करायची ती वेळ नव्हती.

*

एप्रन खुंटीवर होता. तो डोक्यावरून घालताना धाकट्यानं श्वास रोखून धरला. खडूचा, इस्त्रीच्या वाफेचा आणि दुसऱ्याच्या घामाचा वास मास्कमधूनही आलाच. परवा मास्तर आले ते हाच घालून आले होते. हा वास नाकात जातोय म्हणजे ते दुसरंही काही जात असेल का, हा विचार त्याच्या मनात आला आणि ठाण मांडून बसला.

कटिंगच्या टेबलामागं तो उभा राहिला. समोर कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशिनवर मावशी, पलीकडे शिवणावरच्या दोघी, कोपऱ्यात इस्त्रीवाला. चौघंही त्याच्याकडे बघत होती.

"मालक, मास्तर कुठायत?" मावशीनं विचारलं. ती काही कुणाची मावशी नव्हती. जीभ तिखट म्हणून सगळे मानानं मावशी म्हणायचे. वयानं धाकट्याहूनही लहान होती.

"गावी गेलेत," थोरला म्हणाला.

"गाड्या तर बंद आहेत."

"बंद व्हायच्या आधीच गेले. हे बघ मावशी, तुझाच पगार आहे हा. गप बस आणि मशिन चालव."

मावशीनं मशिन चालू केलं. या बायका काल मशिनं पुसायला आल्या होत्या. दिवसभर इथंच होत्या, मागच्या स्वयंपाकघरात जेवल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं कुणी ठरवलंही नव्हतं. सांगायचं काम ज्यानं त्यानं दुसऱ्यावर सोडलं, एवढंच झालं. मोठ्या कुटुंबात बरीच पापं अशीच होतात.

मॅडम आल्या त्या उंबऱ्यावरच थांबल्या. एकावर एक दोन मास्क, वर प्लास्टिकचं आवरण, हातात मोजे. दार कोपरानं ढकलून त्यांनी आधी आतल्या माणसांमधलं अंतर पाहिलं. त्या घाबरलेल्या होत्या. ते बघून धाकट्याला धीर यायला हवा होता, पण उलट झालं. सरकारच घाबरलेलं असेल तर आपण कुणाच्या जिवावर उभं राहायचं?

"लवकर आटपू या," त्या म्हणाल्या. "अजून आठ दुकानं आहेत. एकेकानं नाव सांगा, काम सांगा, किती वर्षं आहात ते सांगा."

मावशीनं सांगितलं. शिवणावरच्या दोघींनी सांगितलं. इस्त्रीवाल्यानं सांगितलं आणि उगाचच नमस्कारही केला. मग मॅडम टेबलाकडे वळल्या.

धाकट्यानं मास्तरांचं नाव सांगितलं. "कटिंग करतो. पंचेचाळीस वर्षं."

मॅडमनी मान वर केली. "वय काय तुमचं?"

इस्त्रीवाल्याला खोकला आला आणि त्यानं तो मोठ्या कष्टानं गिळला.

"म्हणजे, चिकाटी घराण्यातच आहे मॅडम," थोरला मध्ये पडला. "वडील, मुलगा, मिळून पंचेचाळीस. तो सगळी धरून सांगतो."

मॅडमनी घड्याळात पाहिलं. मग त्यांनी मोबाईल समोर धरला. बाकीच्या आठ दुकानांच्या घाईनं या दुकानाला वाचवलं म्हणा. "कापताना फोटो हवा. कापा."

धाकट्यानं कात्री उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड होती. त्यानं ती उजव्या हातात धरली, कापडात घातली आणि दाबली. कापड कापलं गेलं नाही. पात्यांच्या मध्ये दुमडलं आणि अडकलं. त्यानं आणखी जोर लावला, तसं ते चघळल्यासारखं फाटत गेलं आणि पाती एकमेकींवर घासून कर्रकर्र वाजायला लागली. दुकानात दुसरा आवाजच नव्हता. मावशीनं मशिन थांबवलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते.

"हां, जरा कडेला वळा," मॅडम म्हणाल्या. "अजून एकदा."

त्यानं अजून एकदा कापलं. आणि वर, बरोबर त्याच्या डोक्यावर, काहीतरी धाडकन पडलं.

*

आई मास्तरांच्या उशाशी बसलेली होती. चारचौघांत ती त्यांना 'मास्तर, तुम्ही' म्हणायची, पण तो दुकानात लागला तेव्हा मिसरूडही न फुटलेलं पोर होता, आणि एकांतात ती त्याला अजून तूच म्हणायची. टॉवेल त्यानं दातांत घट्ट धरला होता. खोकला आला की सगळं अंग हलायचं, पण आवाज नाही. शब्दाला जागत होता बिचारा.

पहिला कर्रकर्र आवाज आला तेव्हा त्याचे डोळे उघडले.

"असू दे," आई कुजबुजली. "फोटोपुरतं आहे."

दुसऱ्यांदा आवाज आला आणि त्यानं तोंडातला टॉवेल काढून टाकला. "उजव्या..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "उजव्या हातानं... धार..."

"अरे, धार परत लावता येईल. पड तू."

पण तो उठला. ताप आल्यापासून जो माणूस कुशीवर वळू शकत नव्हता तो गादीवरून उठून उभा राहिला, दाराच्या दिशेनं दोन पावलं गेला, आणि ताग्यांच्या चळतीवर आडवा कोसळला. चळत त्याच्यासकट खाली आली. स्टुलावरचा पाण्याचा जग फुटला.

आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ निळसर झाले होते. छाती जोरजोरात वरखाली होत होती आणि तरी आत काही जात नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता आणि मानेनं नको, नको म्हणत होता.

खालून थोरल्याचा आवाज आला. "मांजर आहे मॅडम. वर कापड ठेवतो ना, उंदीर फार, म्हणून पाळलंय."

आईला कळत होतं की आपण गप्प बसलो तर ती बाई निघून जाईल. पाच मिनिटं, फार तर दहा. चार घरांत पैसे येतील, थोरल्याचं नाव राहील. आणि मांडीवरचं हे डोकं दहा मिनिटांनी जड झालेलं असेल. नवरा गेला तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती. तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. आज सगळं तिच्याच हातात होतं.

तिनं मास्तरांचं डोकं हळूच ताग्यावर टेकवलं आणि दार उघडलं.

*

दुकान आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारातून वहिनीनं आधी जिन्यावरची आईची पावलं पाहिली, मग आईला. चौथ्या पायरीवर ती आताही थांबली.

"पोरी," आई मॅडमना म्हणाली, "गाडी बोलव. वर माणूस आहे. त्याला श्वास घेता येत नाहीये."

"आई!" थोरला ओरडला.

"मांजर नाही. मास्तर आहेत. आणि हा कात्री घेऊन उभा आहे तो माझा धाकटा मुलगा. याला रुमालसुद्धा कापता येत नाही."

मॅडम एकदम मागं सरल्या, इतक्या की उंबऱ्याला अडखळून रस्त्यावरच गेल्या. तिथून त्यांनी फोन लावला. वहिनी मात्र जिन्याकडे धावली. थोरल्यानं तिचा दंड धरला. "अगं, तू कुठं निघालीस? पोरांचा विचार कर."

"दोन तास म्हणालात आणि मी ऐकलं तुमचं," ती म्हणाली. "सोडा."

त्यानं सोडलं. ती वर गेली. धाकटा एप्रन ओरबाडून काढत होता आणि तो कुठं टाकावा हे त्याला कळत नव्हतं.

गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं वर गेली आणि मास्तरांना खुर्चीत बांधून, नाकातोंडावर हवेचा मुखवटा लावून खाली घेऊन आली. समोरच्या खिडक्यांत माणसं जमली आणि मग एकेक खिडकी बंद झाली. वाचतील का, असं वहिनीनं जिन्यातून विचारलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "सकाळी आणलं असतं तर बरं झालं असतं."

गाडी गेल्यावर रस्त्यापलीकडून मॅडम म्हणाल्या, "आता कुणी बाहेर यायचं नाही. सगळ्यांची तपासणी होईपर्यंत सगळे आत. दार बाहेरून बंद होईल."

थोरला उंबऱ्यावर उभा होता. सकाळपासून ज्या वाक्याची त्याला धास्ती होती ते वाक्य बोललं गेलं होतं. "आणि मदत?" त्यानं विचारलं. विचारताना स्वतःचीच लाज वाटली, पण विचारलं. "चारच झाले ना आता आम्ही. मदत बंदच ना?"

"चार कसे?" मॅडम म्हणाल्या. "आजारी माणूस धरतात पाचांत. दवाखान्यात असला तरी धरतात. उलट त्याला पूर्ण पगार आहे."

थोरल्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "पण चपलांचं दुकान..."

"त्यांचे मुळातच तीन कामगार होते. अहो, एक फोन करायचा होता. नंबर दिलाय सगळ्यांना. कुणी विचारतच नाही, नुसते घाबरतात." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "आजारी माणूस चालतो. खोटा नाही चालत. तुमच्या भावाचा फोटो मी काढलाय. आता याचं मी काय करू, तुम्हीच सांगा."

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि त्या पुढच्या दुकानाकडे गेल्या. दार बाहेरून ओढलं गेलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

आत वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की चौघं कामगार आपापल्या मशिनवरून उठून लांबच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले आहेत. दुकान एवढंच, पण मधली सगळी जागा त्यांनी रिकामी सोडली होती.

"गावी गेलेत म्हणालात," मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्हा सगळ्यांसाठीच तर हे..."

"कालही ते वरच होते?"

उत्तर वहिनीनं दिलं, जिन्यातून. "हो. परवापासून."

मावशीनं हिशोब केला असावा. तिचा चेहरा मास्कमागं होता, पण डोळ्यांत तो हिशोब दिसत होता. काल दिवसभर इथं. इथल्याच कपात चहा. संध्याकाळी घर. घरी तिची दम्याची सासू आणि सहा वर्षांची मुलगी होती हे थोरल्याला ठाऊक होतं. पहिला हप्ता हातात दिला तेव्हा तिनंच सांगितलं होतं, सासूच्या औषधाची सोय झाली म्हणून.

"काल पोरीला कुशीत घेऊन झोपले मी," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. मग तिनं मोबाईल काढला.

"मावशी, मी तुझ्या घरी सामान पोचवायची व्यवस्था करतो," म्हणत थोरला दोन पावलं पुढं झाला.

"हं, बाळा," ती फोनमध्ये म्हणत होती. "जेवलीस का? बरं, ऐक. आजी कुठं आहे? तिच्या मांडीवरनं ऊठ. ऊठ म्हणते ना. दुसऱ्या खोलीत जाऊन बस आणि दार लावून घे. नाही, आजी रागावलेली नाही. मी आले की सांगते का ते. नाही गं, आज नाही येत."

थोरला अजून तिथंच उभा होता. फोनवर बोलता बोलताच तिनं हात पुढं करून त्याला मागं सरायची खूण केली, आणि तो मागं सरला.